काळा ठिपका आणि जिवंत पेशी

प्रत्यारोपित पेशी शरीरात गेल्यावर जगल्या की मेल्या, हे शरीर न उघडता पाहता यावे, या एका गरजेभोवती माझे पीएच.डी.चे संशोधन फिरत आले आहे. पेशी स्वादुपिंडातल्या आहेत, पाहण्याचे साधन एमआरआय आहे आणि काम कोल्हापुरात चालते. इथे पेशी एका ठिकाणी, रसायने दुसरीकडे आणि चुंबक तिसरीकडे असतो, त्यामुळे या कामाचा बराच भाग माणसांना विनंत्या करण्यात आणि वेळा जुळवण्यात जातो. जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांना निष्कर्ष पुस्तकात वाचायला मिळतात. तिथवर जाताना हाताने काय करावे लागते हे क्वचितच कोणी सांगते, म्हणून ते इथे लिहिते आहे.

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचक रस तयार करण्यात गुंतलेला असतो. त्या ऊतीत अधूनमधून विखुरलेले वेगळ्या पेशींचे लहान पुंजके पाउल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८६९ साली बर्लिन येथे आपल्या प्रबंधात नोंदवले. ते कशासाठी असावेत याविषयी त्याने काही ठाम विधान केले नाही. पुढे १८८९ मध्ये मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवले आणि १८९३ मध्ये लागेस यांनी या पुंजक्यांना 'लांगरहान्सची द्वीपके' असे नाव दिले. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात. त्यांचा व्यास साधारण ५० ते ५०० मायक्रोमीटर असतो. सगळी मिळून ती स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात, पण स्वादुपिंडाकडे येणाऱ्या रक्तापैकी १० ते १५ टक्के रक्त त्यांच्याकडे जाते. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी याच द्वीपकांत असतात, आणि टाइप वन मधुमेहात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्यांना नष्ट करते.

मृत दात्याच्या स्वादुपिंडातून ही द्वीपके सुटी करून, नळीवाटे यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिनी नीलेत (पोर्टल व्हेन या रक्तवाहिनीत) सोडली, तर ती यकृतात रुजतात आणि इन्सुलिन देऊ लागतात. कॅनडातल्या एडमंटन येथील जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी २००० साली सात रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते सातही जण इन्सुलिनच्या सुईपासून मुक्त झाले होते, तेव्हा या उपचाराकडे जगाचे लक्ष गेले. पुढच्या वर्षांत चित्र इतके उजळ राहिले नाही. पाच वर्षांनी इन्सुलिनशिवाय राहू शकणारे रुग्ण दहा टक्क्यांच्या आसपास उरले. रक्तातली साखर अचानक धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग मात्र अनेकांच्या बाबतीत टळले, आणि ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाही अशा रुग्णांसाठी ते फार मोठे आहे. द्वीपके गमावली जातात ती कधी, कुठे आणि किती, हा यातला खरा अडचणीचा भाग. रक्ताशी संपर्क येताच गुठळ्या आणि दाह यांमुळे पहिल्या काही दिवसांतच निम्म्याहून अधिक द्वीपके नष्ट होऊ शकतात, असे मानले जाते. रक्तातली साखर आणि इन्सुलिनसोबत तयार होणारे सी-पेप्टाइड तपासून हे नुकसान कळते, पण ते उशिरा कळते. म्हणून प्रतिमेचा शोध.

सुरुवात मी शेळीच्या स्वादुपिंडापासून केली. प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी मिळायला वेळ लागतो, आणि तोवर द्वीपक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला तरी शिकावे, असे माझ्या मार्गदर्शक मॅडमचे म्हणणे होते. कोल्हापुरात रविवारी मटणाला तोटा नसतो. आमच्या भागातल्या दुकानदाराला मी आदल्या दिवशी सांगून ठेवत असे आणि पहाटे बर्फात ठेवलेले मिठाच्या द्रावणाचे थर्मास घेऊन जात असे. जठर आणि आतड्याचा पहिला भाग यांच्या बेचक्यातली फिकट, दाणेदार ऊती कुठून कापायची हे त्यांना एकदा दाखवावे लागले. नंतर ते माझ्यापेक्षा सफाईने ती वेगळी करून देऊ लागले. एके दिवशी त्यांनी विचारले, "ताई, आमच्या आईला साखर हाय, तिला ह्याचा काय उपयोग व्हईल का?" मी त्यांना सांगितले, "मामा, आईंचा मधुमेह उतारवयातला आहे, त्यात या पेशी पूर्ण संपलेल्या नसतात. हा उपचार त्यांच्यासाठी नाही. शिवाय परक्या पेशी टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांच्या गोळ्या आणि तपासण्या चुकू देऊ नका." त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. संशोधन म्हटले की उपचार हाताशी आला असे ऐकणाऱ्याला वाटते. तेव्हा जे हाताशी नाही ते तितक्याच स्पष्टपणे सांगणे मला आमच्या कामाचाच भाग वाटतो.

द्वीपक ओळखण्यासाठी डायथायझोन नावाचे रंगद्रव्य वापरतात. बीटा पेशीत इन्सुलिन साठवले जाते ते जस्ताच्या अणूंभोवती सहा-सहा रेणूंची जुळणी करून; डायथायझोन त्या जस्ताला धरते आणि काही मिनिटांत द्वीपक लालभडक होते, आजूबाजूची पाचक ऊती मात्र पिवळट राहते. शेळीची द्वीपके नाजूक निघाली. ऊती सुटी करणारे विकर (एन्झाइम) थोडा वेळ जास्त राहिले की ती फुटत आणि सुट्या पेशींची गढूळ लगदी उरे. तरीही लाल झालेले पहिले अखंड द्वीपक दिसले तेव्हा मी मॅडमना बोलावून आणले, आणि आम्ही दोघी आळीपाळीने बराच वेळ ते पाहत होतो.

परवानगी आल्यावर काम विस्टार जातीच्या उंदरांवर सुरू झाले. पद्धतीचा पाया लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी १९६७ साली घातला, आणि तत्त्व आजही तेच आहे: स्वादुपिंडातल्या पेशींना बांधून ठेवणारे कोलॅजन विरघळवायचे आणि द्वीपके अखंड ठेवायची. प्राण्यांवरील प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने मान्य केलेल्या पद्धतीने उंदराचा प्राण गेल्यानंतर पोट उघडून, पित्तनलिका आतड्याला मिळते तिथे चिमटा लावायचा, यकृताच्या बाजूने त्याच नलिकेत बारीक सुई घालायची आणि कोलॅजन विरघळवणारे, बर्फासारखे गार कोलॅजनेज हळूहळू सोडायचे. चिमटा बरोबर बसला असेल तर द्रावण आतड्यात न जाता स्वादुपिंडात शिरते आणि ते फुगून जवळजवळ पारदर्शक होते. सुईचे टोक नलिकेच्या भिंतीतून बाहेर गेले तर सगळे द्रावण पोटात सांडते आणि त्या जिवाचा उपयोग होत नाही. याच कारणाने मी निर्जीव ऊतीवर सराव झाल्याखेरीज सुई हातात घेत नसे, आणि नव्या विद्यार्थ्यांनाही घेऊ देत नाही.

त्यानंतरचा टप्पा नुसत्या घड्याळावर चालत नाही. फुगलेले स्वादुपिंड ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवल्यावर साधारण पंधरा मिनिटांत ते सुटू लागते, परंतु कोलॅजनेज हे क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूपासून मिळवलेले विकरांचे मिश्रण असल्याने प्रत्येक खेपेच्या बाटलीची धार वेगळी असते. नव्या बाटलीची ताकद आधी पडताळावी लागते, आणि प्रत्यक्ष प्रयोगातही नळी हलवून, उजेडात धरून, ऊतीचे कण वाळूसारखे बारीक झाले का हे डोळ्यांनी ठरवून, विकराचे काम थांबवण्यासाठी बर्फासारखे गार द्रावण ओतावे लागते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आमची अशी एक बाटली वाटेतच अडकली. ती पुढे पोहोचली, पण पेटीतला बर्फ कधीच वितळलेला असणार हे उघड होते. किंमत मोठी होती, तरी मॅडमनी ती प्रयोगाला वापरू दिली नाही. ताकद माहीत नसलेल्या विकराने काढलेल्या द्वीपकांवरून कोणतेही विधान करता आले नसते.

चाळणीतून आणि फायकॉल या द्रावणाच्या वेगवेगळ्या घनतेच्या थरांतून गेल्यावर द्वीपके बऱ्यापैकी वेगळी होतात. उरलेली निवड हाताने. काळ्या पार्श्वभूमीवर सूक्ष्मदर्शकाखाली ती गोल, घट्ट, किंचित सोनेरी दिसतात, आणि पाचक ऊतीचे तुकडे फिकट, कडा विस्कटलेले असतात. एका उंदरातून काहीशे द्वीपके मिळतात. ती एकेक करून पिपेटने उचलताना मान आखडते, डोळ्यांतून पाणी येते, परंतु या टप्प्यावर घाई केली तर पुढच्या प्रत्येक आकड्यात परक्या पेशी मिसळतात. मोजणीसाठी नुसती संख्या चालत नाही, कारण मोठ्या द्वीपकात पेशी कितीतरी जास्त असतात. म्हणून १५० मायक्रोमीटर व्यासाचे द्वीपक हे एक माप धरून बाकीची त्यात रूपांतरित करतात. मग रात्रभर ३७ अंश आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांना विश्रांती.

सकाळी जिवंतपणाची चाचणी होते. फ्लुओरेसिन डायअसिटेटने जिवंत पेशी हिरव्या उजळतात, प्रोपिडियम आयोडाइडने मेलेल्या लाल. इथे मला जे वारंवार दिसले ते महत्त्वाचे आहे: लहान द्वीपके आरपार हिरवी असत, मोठ्यांच्या मध्यभागी मात्र लाल गाभा दिसे. शरीरात द्वीपकाच्या आत रक्तकेशिकांचे दाट जाळे असते. बाहेर काढल्यावर तो पुरवठा तुटतो आणि प्राणवायू फक्त पृष्ठभागावरून झिरपत आत जातो. प्रत्यारोपणानंतर नव्या केशिका रुजायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर आतल्या पेशी तग धरतात की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

द्वीपके एमआरआयमध्ये दिसावीत म्हणून त्यांना लोहाची खूण करावी लागते. फेरस आणि फेरिक क्षारांचे एकास दोन प्रमाणातले द्रावण ढवळत त्यात अमोनिया सोडला की मॅग्नेटाइटचा काळा साका तयार होतो. पदार्थविज्ञान शिकलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने हे कण बनवून त्यांना डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण दिले. चुंबक जवळ नेला की बीकरमधला काळेपणा त्या बाजूच्या काचेकडे सरकतो आणि चुंबक दूर केला की कण पुन्हा द्रावणात पसरतात. सुमारे दहा नॅनोमीटरच्या कणांचा हा अतिअनुचुंबकी गुण आमच्या कामाचा आधार आहे. कणांच्या द्रावणात द्वीपके रात्रभर ठेवली की पेशी ते गिळतात. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्ल यांनी रंगवलेल्या छेदांत लोह असलेल्या जागा निळ्या होतात. आमच्या छेदांत निळा रंग बाहेरच्या थरांत दाट आणि आत विरळ होता, म्हणजे कण खोलवर फारसे पोहोचत नव्हते.

खूण केलेली पेशी काम करते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. द्वीपके आधी २.८ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये एक तास आणि मग १६.७ मिलिमोलरमध्ये एक तास ठेवून, दोन्ही द्रावणांतले इन्सुलिन एलायझा पद्धतीने मोजायचे. साखर वाढल्यावर इन्सुलिन किती पटींनी वाढते, त्यावरून द्वीपकाची प्रकृती कळते. लोहाचे प्रमाण कमी ठेवले तेव्हा खूण केलेल्या आणि न केलेल्या द्वीपकांत ठळक फरक दिसला नाही. प्रमाण वाढवले तेव्हा प्रतिसाद मंदावला. प्रतिमा अधिक गडद हवी म्हणून लोह वाढवण्याचा मोह या क्षेत्रात मोठा आहे. मी तो टाळला, आणि त्यामुळे फिकट प्रतिमांवर काम करावे लागले याची मला खंत नाही.

एमआरआयसाठी शहरातल्या एका खासगी तपासणी केंद्राने रुग्णांची वेळ संपल्यावर यंत्र वापरू दिले. "मॅडम, शेवटचा पेशंट झाला की फोन करतो," असे टेक्निशियन दादा सांगत, आणि फोन बहुधा रात्री उशिराच येई. द्वीपके आगरोजच्या जेलमध्ये बसवून नळ्या न्यायच्या. जेल आधी निर्वात करून त्यातली हवा काढून टाकावी लागे, कारण हवेचा बारीकसा बुडबुडाही प्रतिमेत काळाच दिसतो. यंत्र दीड टेस्लाचे होते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. नळ्या मनगटाच्या कॉइलमध्ये ठेवून टी-टू-स्टार पद्धतीच्या प्रतिमा घेतल्या. लोहाचा कण आपल्या भोवतालचे चुंबकक्षेत्र किंचित बिघडवतो, तिथल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा ताल झपाट्याने तुटतो आणि संदेश नाहीसा होतो. त्यामुळे लोह असते तिथे काळा ठिपका उमटतो, आणि तो प्रत्यक्ष आकारापेक्षा बराच मोठा दिसतो. द्वीपकांचा समूह असेल तर ठिपका स्पष्ट दिसे. एकटे द्वीपक इतक्या ताकदीच्या चुंबकात भरवशाने ओळखता आले नाही.

या टप्प्यावर मी एक नळी मुद्दाम वेगळी तयार केली होती. तीत खूण केलेली, पण द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून पुन्हा वितळवून मारलेली द्वीपके होती. दुसऱ्या नळीत तितकीच जिवंत, खूण केलेली द्वीपके; तिसरीत खूण न केलेली; चौथीत नुसते जेल. नळ्यांवर क, ख, ग, घ अशी अक्षरे माझ्या सहकाऱ्याने घातली आणि कोणत्या अक्षराची कोणती नळी हे त्याने आमच्यापासून बंद पाकिटात ठेवले. केंद्रातल्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी पडद्यावर बराच वेळ पाहून सांगितले, "दोन नळ्यांत काही नाही, दोन नळ्यांत आहे. पण या दोघींत मला काही फरक करता येत नाही." पाकीट उघडल्यावर त्या दोन नळ्या जिवंत आणि मृत द्वीपकांच्याच निघाल्या.

हा निकाल अनपेक्षित नव्हता, तरी तो डोळ्यांनी पाहणे वेगळे होते. लोह कुठे आहे एवढेच काळा ठिपका सांगतो. लोह ज्या पेशीने गिळले ती जगते आहे की नाही, याबद्दल तो काही सांगत नाही. जेलमध्ये निदान लोह जागचे हलत नाही. यकृतात तर पेशी मेल्यावर तिच्यातले लोह तिथल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी गिळतात, आणि यकृतात स्वतःचेही लोह असतेच. उंदरांत प्रत्यारोपित द्वीपके एमआरआयने पाहता येतात हे २००६ साली दाखवले गेले आणि पुढे जिनिव्हा व प्राग येथे रुग्णांतही असे ठिपके दिसले. प्रत्यारोपणानंतर ठिपक्यांची संख्या घटत जाते, ती प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यात झपाट्याने घटते, आणि ही घट उपयोगी माहिती आहे असे मलाही वाटते. माझा आक्षेप तो आकडा जिवंत द्वीपकांची मोजणी म्हणून वाचण्याला आहे. काही सादरीकरणांत हा फरक एका वाक्यात गुंडाळलेला मी ऐकला आहे, आणि रुग्णाच्या औषधांचा निर्णय त्यावर घ्यायचा असेल तर तेवढे पुरेसे नाही.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ लावलेल्या ग्लुकोजने द्वीपके पेट स्कॅनमध्ये दिसतात. परंतु त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने पहिल्या काही तासांचेच चित्र मिळते. बीटा पेशींवरच्या, जीएलपी-१ या संप्रेरकाच्या ग्राहकाला चिकटणारा एक्झेन्डिनसारखा रेणू वापरला तर खूण बाहेरून हवी तेव्हा देता येते आणि ती ग्राहक शाबूत असलेल्या पेशीलाच बसते. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, पण त्यासाठी लागणारी सायक्लोट्रॉनची, म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्राची, सोय आमच्याजवळ नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये दात्याच्या द्वीपकांपासून बनवलेल्या डोनिस्लेसेल या उपचाराला मान्यता दिली, त्यामुळे रुजलेल्या पेशींचे पुढे काय होते हा प्रश्न आता अधिक रुग्णांचा झाला आहे.

आमच्या प्रयोगशाळेत आता कोणतीही एमआरआय प्रतिमा एकटी नोंदवली जात नाही. तिच्यासोबत त्याच खेपेच्या द्वीपकांचा हिरवा-लाल निकाल, इन्सुलिनच्या वाढीचा आकडा आणि मारलेल्या द्वीपकांच्या नळीची प्रतिमा लावलीच पाहिजे, असा नियम मॅडमनी केला आहे. उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली द्वीपके ठेवून ठिपका किती दिवसांत फिका होतो आणि त्याच जागेच्या छेदात इन्सुलिन असलेल्या किती पेशी उरतात, याची सांगड घालण्याचा प्रस्ताव आम्ही समितीकडे दिला आहे. मूत्रपिंडाची जागा निवडली ती अशासाठी, की तिथली द्वीपके एका ठिकाणी राहतात आणि नंतर ती ऊती पूर्ण काढून तपासता येते. एक गट मृत द्वीपकांचा असेल, हे त्या प्रस्तावात पहिल्याच पानावर लिहिले आहे.